शाळेत चित्रकाराला एक खोली

गावातील व्यावसायिक चित्रकाराला शाळेने वर्षभर एक खोली व मानधन द्यावे, ही कल्पना पुष्कळांना चैनीची वाटेल. परंतु शांतिनिकेतनचे उदाहरण बोलके आहे. तेथे विद्यार्थी आणि कलावंत एकाच आवारात वावरत. १९३८ मध्ये रामकिंकर बैज यांनी ‘संथाळ कुटुंब’ हे सिमेंट-खडीचे शिल्प तेथेच, उघड्यावर उभारले. आपल्याकडे मात्र शालेय कला म्हणजे एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि दहावीचे वाढीव गुण! परीक्षेने प्रमाणपत्र मिळते. चुकलेली रेघ पुसून पुन्हा काढणारा हात रोज पाहिला, तर कलेमागचे कष्ट कळतात. मात्र त्या चित्रकारास फुकटचा बदली शिक्षक समजू नये. त्याचे काम हेच त्याचे अध्यापन होय.