नाताळचा लाडू वळताना दाणे कुटूनच

पेठ वडगाव परिसरात गूळ-शेंगदाणे घरोघरी असतात. त्यामुळे नाताळच्या फराळातला एक पदार्थ ओव्हनशिवाय, मुलांना हाताशी घेऊन करता येतो. बिया काढलेला खजूर, शेंगदाण्याचा बारीक कूट आणि थोडा किसलेला गूळ एकत्र मळावा. लाडू वळून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवावेत.

मात्र दाणे भाजण्या-कुटण्याचे काम मोठ्यांनीच करावे. ५ वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खा किंवा अर्धा दाणा देऊ नये. हसता-खेळताना तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. पहिला ठसका थांबला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. आत अडकलेल्या दाण्याभोवती सूज येते. पुढे न हटणारा खोकला किंवा न्यूमोनिया होतो. एक्स-रेमध्ये शेंगदाणा सहसा दिसत नाही. म्हणून ‘दाणे खाताना ठसका लागला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दाणा दुर्बिणीने काढता येतो.

मुलाला खोकता, रडता येत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपडू नये. त्याला पुढे वाकवून पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा माराव्यात आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.