वाऱ्यात पूल का डोलतो?

पावसाळ्यात वैनगंगा फुगली की भंडाऱ्याची माणसे कारध्याच्या पुलाकडे धाव घेतात. धोक्याची पातळी 245.50 मीटर. ती ओलांडली का, जुना लहान पूल पाण्याखाली गेला का, एवढेच प्रत्येकाला हवे असते. पुलाच्या खांबांमागे काय चालले आहे, तिकडे मात्र फारसे कुणी बघत नाही. खांबावर आदळून दुभंगलेले पाणी पलीकडे सरळ वाहत नाही. आधी एका बाजूने भोवरा सुटतो, थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने, मग पुन्हा पहिल्या. एखाद्याने घड्याळ लावून पाहिले तर त्या भोवऱ्यांना बऱ्यापैकी ठरलेला ताल असल्याचे दिसेल. दोन मीटर जाडीचा गोल खांब आणि सेकंदाला दोन मीटर वेगाचा प्रवाह धरला, तर एका बाजूने साधारण दर पाच सेकंदांनी एक भोवरा सुटतो.

भंडाऱ्याला मोठा झुलता पूल नाही. पण झुलता पूल वाऱ्यात का डोलतो, याचे निम्मे उत्तर कारध्याच्या या गढूळ पाण्यात आहे. हवाही पाण्यासारखीच वाहते. फरक एवढाच, की तिचे भोवरे डोळ्यांना दिसत नाहीत.

ते कानांना मात्र ऐकू येतात. तिरोड्याच्या औष्णिक केंद्राकडून नागपूरच्या दिशेने वीज नेणारे उच्चदाबाचे मनोरे जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांमधून गेलेले आहेत. हिवाळ्यातल्या पहाटे, वारा अगदी मंद असताना, अशा तारांखाली उभे राहिले तर हलकीशी घुमघुम जाणवते. तारेची जाडी तीन सेंटिमीटर आणि वारा सेकंदाला तीन मीटर असला, तर तारेच्या एका बाजूने सेकंदाला सुमारे वीस भोवरे सुटतात. प्रत्येक भोवरा सुटताना तार किंचित वर किंवा खाली ओढली जाते. हलणे इतके बारीक असते की दिसतही नाही, पण वर्षानुवर्षे ते चालू राहिले तर टेकूजवळ तारेचे धागे थकून तुटतात. म्हणून तारेवर, मनोऱ्यापासून थोड्या अंतरावर, व्यायामाच्या डंबेलसारखी दोन वजने लटकवलेली असतात. ती शोभेची नाहीत की ताण देण्यासाठीही नाहीत. तार थरथरू लागली की ती वजने स्वतः डुलतात, त्यांना धरणारी छोटी तार वाकते, तिच्या धाग्यांत घर्षण होते आणि थरथरीची शक्ती तिथेच जिरते. जॉर्ज स्टॉकब्रिज या अमेरिकी अभियंत्याने ही युक्ती 1920 च्या दशकात शोधली. शंभर वर्षे होत आली, पण तिला अजून फारसा पर्याय नाही.

आता पुलाकडे. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आठवावी. मध्यावर ओले लुगडे टाकले की दोरी तिथे खाली येते. तेच लुगडे एका टोकाकडे सरकवले की त्या बाजूला दोरी दबते आणि दुसरी बाजू वर येते. दोरीला स्वतःचा ताठपणा नसतो, ती ओझ्याप्रमाणे आकार बदलते. झुलत्या पुलाच्या मुख्य केबलचेही तसेच. दोन मनोऱ्यांवरून सोडलेल्या केबलला उभ्या लोंबत्या दोऱ्यांनी रस्ता टांगलेला असतो. लांबी जितकी जास्त, तितका पूल लवचिक आणि त्याचे झुलणे तितके संथ. नागपूरचा रामझुला नावाने झुला असला तरी या जातीचा नाही. त्याच्या केबल मनोऱ्यापासून थेट रस्त्यापर्यंत तिरप्या ताणलेल्या आहेत, त्यामुळे तो बराच ताठ असतो. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचा केबलचा भागही रामझुल्याच्याच कुळातला.

झुलता पूल हलतो म्हणजे तो कच्चा आहे, असा समज करून घेऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल जोराच्या वाऱ्यात मध्यभागी सुमारे आठ मीटर बाजूला सरकू शकेल, या हिशेबानेच बांधला आहे. जपानच्या आकाशी कैक्यो पुलाचा मधला गाळा 1991 मीटरचा आहे. तो न हलता उभा राहावा असे म्हणणे म्हणजे बांबू न वाकता वादळात उभा राहावा असे म्हणणे. प्रश्न किती हलतो हा नसतो. हलणे आपोआप शमते की वाढत जाते, हा असतो.

ते वाढत गेले तर काय होते, हे 7 नोव्हेंबर 1940 रोजी जगाने पाहिले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल त्याच वर्षी 1 जुलैला सुरू झाला होता. मधला गाळा 853 मीटरचा आणि रुंदी जेमतेम 12 मीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाळीदार सांगाड्याऐवजी अडीच मीटरच्या आतल्या उंचीच्या भरीव पोलादी पट्ट्या. दिसायला नाजूक आणि खर्चाला स्वस्त. पहिल्या दिवसापासून तो वर-खाली लाटा मारत असे. लोक मौज म्हणून गाडी घेऊन जात, पुढची गाडी लाटेमागे दिसेनाशी होई. त्या दिवशी सकाळी वारा ताशी सुमारे 68 किलोमीटरचा होता. उन्हाळ्यात आपल्याकडे घरांवरचे टिनपत्रे उडवणाऱ्या वादळाहून तो काही फार मोठा नव्हे. दहाच्या सुमारास मध्यावर केबलला धरणारा पट्टा घसरला. आणि तोवर वर-खाली हलणारा रस्ता पिळल्यासारखा डावी-उजवीकडे कलंडू लागला. अकराच्या सुमारास मधला गाळा पाण्यात गेला. पुलावर अडकलेल्या मोटारीतला एक कुत्रा सोडला तर जीवितहानी झाली नाही. शास्त्राच्या दृष्टीने भाग्य असे, की हा सगळा प्रकार कॅमेऱ्यात टिपला गेला.

ही चित्रफीत आजही वर्गावर्गांत दाखवली जाते आणि तिचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा चुकीचे दिले जाते. सांगितले जाते ते असे: भोवऱ्यांचा ताल आणि पुलाच्या झुलण्याचा ताल जुळला, झोक्याला नेमक्या वेळी धक्के मिळावेत तसे झाले, आणि पूल पडला. म्हणजे अनुनाद. हिशेब मात्र जुळत नाही. त्या वाऱ्यात भोवरे सुटण्याचा वेग सेकंदाला साधारण एक असा होता. पूल पिळवटत होता तो पाच सेकंदांत एकदा. युसुफ बिल्लाह आणि रॉबर्ट स्कॅनलन या दोघांनी 1991 मध्ये भौतिकशास्त्राच्या अध्यापनाला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात ही विसंगती तपशीलवार मांडली. त्याला तीन दशके उलटून गेली, तरी जुनी गोष्ट काही हटत नाही. ती सोपी आहे, हे एक कारण असावे.

मग खरे काय घडले? उपणणीच्या वेळी सूप वाऱ्यात आडवे धरणाऱ्या बाईला ते ठाऊक असते. सूप सपाट असेपर्यंत ठीक. पुढची कड जराशी वर झाली की वारा खालून घुसतो आणि ती आणखी वर उचलतो. हात मनगटाने सावरतो, तर सूप उलट बाजूला झुकते आणि आता वारा वरून दाबतो. टॅकोमाचा अरुंद, पातळ रस्ता असाच वागला. पूल पिळला की त्याच्याभोवतीची हवा बदलायची, आणि बदललेली हवा त्याला आणखी पिळायची. इथे बाहेरच्या ठेक्याशी जुळण्याची गरजच नव्हती. पूल स्वतःच्या हलण्यातून वाऱ्याची शक्ती ओढून घेत होता. एका ठरावीक वेगाच्या खाली पोलादातले आणि सांध्यांतले घर्षण ही शक्ती पचवते. त्या वेगाच्या वर गेले की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. खिळा निघालेला टिनाचा पत्रा वाऱ्यात फडफडत अखेर उपटला जातो, तोही याच जातीचा प्रकार.

त्यानंतर लांब झुलत्या पुलांची रचना बदलली. त्याच जागी 1950 मध्ये उभारलेल्या दुसऱ्या पुलाला दहा मीटर उंचीचा जाळीदार सांगाडा दिला, म्हणजे पिळ बसायला अवघड आणि वाऱ्याला आरपार जायला वाट. इंग्लंडमधल्या सेव्हर्न पुलाने 1966 मध्ये वेगळा रस्ता धरला: रस्त्याचा काप विमानाच्या पंखासारखा निमुळता केला, म्हणजे भोवरेच कमी. आता मोठ्या पुलाची प्रतिकृती आधी पवनबोगद्यात ठेवून तपासल्याशिवाय काम सुरू होत नाही.

तरीही भोवरे अधूनमधून आठवण करून देतात. 5 मे 2020 रोजी चीनमधला हूमेन पूल मध्यम वाऱ्यातच लाटांसारखा हलू लागला. हा पूल 1997 पासून वापरात होता, मग तेव्हाच काय बिघडले? दुरुस्तीसाठी कठड्यालगत पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या अडथळ्यांची रांग लावली होती. तेवढ्याने रस्त्याच्या कापाचा आकार बदलला आणि पुरेसे मोठे भोवरे सुटू लागले. इथे मात्र ताल जुळण्याचे स्पष्टीकरण बरोबर बसते. अडथळे हटवले, तपासणी झाली, दहा दिवसांत पूल पुन्हा खुला झाला. भोवऱ्यांमुळे येणारे हेलकावे सहसा एका मर्यादेत राहतात. माणसाला मळमळ आणि भीती देतात, पूल पाडत नाहीत. पिळवटणे पाडते.

पायी चालण्याच्या छोट्या झुलत्या पुलांचा धोका बहुधा वाऱ्याचा नसतोच. 30 ऑक्टोबर 2022 रोजी गुजरातमधल्या मोरबीचा पूल तुटून 135 जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी वादळ नव्हते. तपास पथकाला मुख्य केबलच्या 49 तारांपैकी 22 गंजलेल्या आढळल्या. त्या दुर्घटनेपूर्वीच तुटलेल्या असाव्यात, असे पथकाने म्हटले. फ्रान्समधल्या आंजे शहरात 1850 मध्ये वादळी वाऱ्यात सैनिकांची तुकडी पुलावर असताना केबल निसटली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तिथेही जमिनीत गाडलेल्या केबलला गंज लागला होता. वाऱ्याचे डोलणे आणि पावलांचा भार यांनी शेवटचा धक्का दिला, एवढेच.

म्हणूनच ‘वाऱ्याने पूल पडला’ हे वाक्य ऐकले की थोडे थांबावे. बिहारमधल्या सुलतानगंज येथे गंगेवरच्या, बांधकाम सुरू असलेल्या पुलाचा भाग एप्रिल 2022 मध्ये वादळात कोसळला. कारण म्हणून वारा आणि धुके सांगितले गेले, तेव्हा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वाऱ्याने पूल पडतोच कसा, असे जाहीर आश्चर्य व्यक्त केले होते. जून 2023 मध्ये त्याच पुलाचा मोठा भाग पुन्हा गंगेत गेला. वारा पूल पाडू शकतो, हे टॅकोमाने दाखवले. पण वारा किती असू शकतो हे आधी माहीत असते. भारतीय मानकांत नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी जवळपास 158 किलोमीटर. पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येऊ शकेल असा तो झोत आहे आणि त्यापेक्षा कमी वाऱ्यात पडलेल्या पुलाला दुसरे काही कारण असलेच पाहिजे. अपुऱ्या बांधकामाला नीट आधार न देणे, हे त्यातले नेहमीचे. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 30 चा वारा 60 झाला तर रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. अर्धवट उभ्या पुलाच्या बाबतीत हा हिशेब विसरून चालत नाही.

विदर्भात या शास्त्राची परीक्षा चिखलदऱ्यात आहे. सिडकोने तिथे हाती घेतलेला झुलता पूल 407 मीटर लांबीचा आहे, खाली खोल दरी, आणि एका टोकाच्या जागेचे नावच हरिकेन पॉइंट. दरीतला वारा नदीवरच्या वाऱ्यासारखा आडवा येत नाही. तो उतार चढून खालून वर येतो आणि झोताझोताने येतो. सुपाच्या पुढच्या कडेखाली वारा घुसला की काय होते ते आपण पाहिलेच. अशा पुलाची प्रतिकृती तपासताना ती सपाट वाऱ्यात ठेवून भागत नाही. वर-खाली काही अंश कलवून तिच्यावर पुन्हा वारा सोडावा लागतो, आणि प्रत्येक कोनात ती कोणत्या वेगाला पिळू लागते ते मोजावे लागते.