समुद्राच्या पातळीखालची भातशेती

समुद्राच्या पातळीखाली भात पिकतो, असे कोणी सांगितले तर आपला चटकन विश्वास बसत नाही. पण केरळातील कुट्टनाड भागात पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे. वेंबनाड या खाडीसारख्या मोठ्या सरोवराकाठची ही जमीन काही ठिकाणी समुद्रसपाटीपेक्षा दोन मीटर खोल आहे.

पंपा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल या नद्यांचा गाळ येथे साचतो. नारळाचे सोट पाण्यात दोन रांगांनी ठोकायचे, त्यांना बांबूचे तट्टे लावायचे आणि मधल्या जागेत फांद्या, वाळू व तळाची चिकणमाती भरायची, असा बांध घालीत. मग आतले पाणी पायांनी फिरवायच्या रहाटाने उपशीत. पुढे इंजिनाचे पंप आले. 1940 नंतरच्या धान्यटंचाईत जोसेफ मुरिक्कन यांनी चित्तिरा, मार्तांडम आणि राणी ही मोठी शेते सरोवरातून काढली. माती वाहणारे हात मात्र भूमिहीन मजुरांचे होते. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 1948 सालची ‘रंडिडंगळी’ ही कादंबरी याच मजुरांच्या जिण्यावर आहे.

जमीन सुधारणा कायद्यानंतर 1970 च्या दशकात या जमिनी भूमिहीनांना वाटल्या गेल्या. न्याय झाला, पण बांध आणि पाणी उपसणे ही एकट्यादुकट्याची कामे नव्हेत. एकोपा व पैसा कमी पडला आणि काही शेते वर्षानुवर्षे पडीक राहिली. पुढे सरकारी मदतीने तेथे पुन्हा भात उभा राहिला.

खारे पाणी अडविण्यासाठी 1970 च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे बंधारा उभा राहिला. पीक वाचले, पण पाणी कोंडून जलपर्णी माजली आणि मासळी घटली. 2018 च्या महापुराने तर अनेक बांध फोडले. तरीही या शेतीचे मोल मानून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 साली तिला जागतिक कृषी वारशाचा मान दिला आहे.

आपल्या कोकणातील खार जमिनीचे दुखणे याहून फारसे निराळे नाही. बांधाला एक भगदाड पडले आणि उघाडीची फळी वेळेवर पडली नाही, की भरतीचे पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरते. मग मीठ धुऊन जायला पावसाळे लागतात. म्हणून पावसाळ्याआधी साऱ्या खातेदारांनी मिळून एकदा बांधावरून फिरून यावे. खेकड्यांची बिळे बुजवावीत, उघाडी तपासावी. बांध कोणा एकाचा नसतो, हेच कुट्टनाडच्या इतिहासाचे सांगणे आहे.