टाके सुकले, पण हाड अजून जुळते आहे

पुण्याच्या रुग्णालयातून बायपास करून घरी निघालेल्या रुग्णाला बारामती गाठायला सुमारे १०० किलोमीटर पडतात, इंदापूर गाठायला त्याहून जास्त. हमरस्त्यावर गाडी बरी पळते. गावाच्या फाट्याला वळले की गतिरोधक आणि खड्डे सुरू होतात आणि प्रत्येक दणक्याला रुग्णाचा हात आपोआप छातीवर जातो. घरी भेटायला आलेले पाहुणे विचारतात, "हृदयाचं कसं काय?" हृदय बहुतेक वेळा ठीक असते. त्याच्या वाहिन्यांचे काम झालेले असते. दुखत असते ते त्याच्या पुढचे दार, म्हणजे छातीच्या मधोमध असलेले हाड.

दोन-तीन आठवड्यांत वरची जखम सुकते. महिनाभरात माणूस अंगणात फिरू लागतो, चेहऱ्यावर तकवा येतो. मग घरातलेच म्हणू लागतात, "आता काय, बरे झालात की!" आणि इथेच धोका असतो. कातडी जुळली म्हणजे हाड जुळले, असा समज होतो. कातडीला लागतात आठवडे, हाडाला लागतात महिने. या दोन तारखांच्या मधला काळ सांभाळणे म्हणजेच शस्त्रक्रियेनंतरची खरी काळजी.

हाड का कापावे लागते?

गळ्याखालच्या खळगीपासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत जाणाऱ्या चपट्या हाडाला स्टर्नम किंवा उरोस्थी म्हणतात. दोन्ही बाजूंच्या बरगड्या कूर्चेने त्याला जोडलेल्या असतात. हृदय त्याच्या मागे असल्याने शल्यविशारद हे हाड करवतीने उभे मधोमध कापतात आणि दोन्ही भाग बाजूला सारतात. या पद्धतीचे वर्णन १८९७ मध्ये कैरोत काम करणाऱ्या हर्बर्ट मिल्टन या शल्यविशारदाने केले होते. पण हृदयशस्त्रक्रियेत ती रुळली १९५७ नंतर, अमेरिकेतील ऑर्मंड ज्युलियन यांनी तिचे फायदे मांडल्यावर. भारतातली पहिली बायपास १९७५ मध्ये चेन्नईतील पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास आणि झडपेच्या शस्त्रक्रियांचा समावेश असल्याने शेतकरी आणि मजूर कुटुंबांतले रुग्णही टेबलापर्यंत पोचतात. शस्त्रक्रियेचा खर्च योजना उचलते. नंतरचे तीन महिने मात्र घरालाच उचलावे लागतात.

काम आटोपल्यावर हाडाचे दोन भाग एकमेकांना भिडवून स्टेनलेस स्टीलच्या तारांनी आवळले जातात. साधारण सहा ते आठ तारा लागतात. त्या आयुष्यभर आत राहतात आणि सहसा काढाव्या लागत नाहीत. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर या तारांची अडचण सहसा येत नाही, पण त्या आहेत हे तंत्रज्ञाला आधी सांगावे. अंगाने बारीक असलेल्या माणसाच्या बोटांना तारेची गाठ लागू शकते. ती फार टोचू लागली तर नंतर छोट्या शस्त्रक्रियेने तेवढी तार काढता येते.

प्लास्टर न घालता जुळणारे हाड

पाय मोडला तर प्लास्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. छातीला तशी सोय नाही. माणूस मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला सुमारे वीस हजार वेळा. प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात आणि हाडाच्या कडांवर ताण येतो. तारा हा ताण झेलतात आणि त्यांच्या आधाराने आतले काम चालू राहते. आधी रक्ताची गुठळी, मग मऊ जोड, त्यात हळूहळू कॅल्शियम आणि शेवटी पक्के हाड. सहा ते आठ आठवड्यांत जोड बऱ्यापैकी धरतो. बहुतेक रुग्णांना तीन महिन्यांनी नेहमीच्या कामाची मुभा मिळते. तरीही सीटी स्कॅनमध्ये कापाची रेघ तीन महिन्यांनंतरही दिसू शकते. पूर्ण भरून यायला काहींना सहा महिने किंवा जास्तही लागतात.

या काळात दुखणे फक्त छातीत नसते. हाडाचे दोन भाग बाजूला सारताना मागचे सांधे आणि स्नायूही ताणले जातात. म्हणून अनेकांची पाठ, मान आणि खांदे भरून येतात. त्यात दुखेल या भीतीने माणूस खांदे पुढे टाकून वाकून बसतो, मग पाठ आणखी धरते. बायपाससाठी छातीच्या आतल्या बाजूची धमनी वापरली असेल, आणि ती बहुधा डावीकडचीच असते, तर डाव्या छातीवर बधिरपणा, मुंग्या किंवा नुसता कपडा लागला तरी चुणचुण जाणवते. हा त्रास नसा दुखावल्याने होतो. बहुतेकांचा तो काही महिन्यांत ओसरतो. तीन महिन्यांनंतरही दुखणे झोप मोडत असेल तर "ऑपरेशन झालंय, दुखणारच" असे म्हणून गप्प बसू नये. नसांच्या दुखण्यावर वेगळी औषधे असतात.

वेदना सोसण्यात मर्दुमकी नाही. दुखते म्हणून रुग्ण पूर्ण श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुफ्फुसात कफ साठतो आणि न्यूमोनियाची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्यावी. खोकला किंवा शिंक आली की उशी किंवा घडी घातलेला टॉवेल छातीशी घट्ट दाबून धरावा. खोकल्याचा झटका हाडावर पडणाऱ्या मोठ्या ताणांपैकी एक आहे. शौचाला कुंथू नये, बद्धकोष्ठ असेल तर औषध मागून घ्यावे.

मात्र गावातल्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने वेदनाशामक आणू नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सांधेदुखीला सर्रास घेतल्या जातात. बायपासनंतर त्यांनी हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढू शकतो.

किती उचलायचे?

डिस्चार्जच्या कागदावर "जड वस्तू उचलू नये" असे लिहिलेले असते. जड म्हणजे किती, हे घरी आल्यावर कळत नाही. बहुतेक ठिकाणी पहिल्या सहा ते बारा आठवड्यांसाठी सुमारे २ ते ५ किलोची मर्यादा सांगतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोची झाली. दुधाची किटली, पाण्याचा हंडा, खताची गोणी, गॅसची टाकी, उसाची मोळी या सगळ्या गोष्टी यादीतून बाद. कडेवर बसायला धावत येणारा नातूही बाद. त्याला मांडीवर घ्यावे, उचलू नये.

वजनाइतकीच महत्त्वाची असते हालचालीची तऱ्हा. म्हशीची धार काढणे, परातीत जोर लावून पीठ मळणे, विहिरीचे पाणी शेंदणे, किक मारताना हँडल आवळून धरणे, ट्रॅक्टरचे स्टेअरिंग ओढणे या सगळ्यांत छातीचे स्नायू हाडाच्या दोन्ही कडा विरुद्ध दिशांना खेचतात. गावाकडे जमिनीवर झोपायची, पाटावर बसायची सवय असते. उठताना माणूस दोन्ही तळवे टेकून अंग वर रेटतो. पहिले काही आठवडे खाट, खुर्ची आणि कमोडची खुर्ची वापरली तर हा रेटा टळतो. खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि त्यांच्या वजनाने अंग वर येऊ द्यावे. उठवायला आलेल्याने रुग्णाला दंडाला धरून ओढू नये, पाठीला आधार द्यावा.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा मात्र नाही. या नियमांकडे पाहण्याची वैद्यकाची नजर गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी हात खांद्याच्या वर नेऊच नका, असे सरसकट सांगत. अमेरिकेत डलास येथील अभ्यासकांनी २०१६ मध्ये सोपा नियम मांडला. आपल्या धडाभोवती एक नळी आहे असे समजावे आणि जोराचे काम करताना कोपर त्या नळीच्या आत, म्हणजे अंगाला लागून ठेवावे. ऑस्ट्रेलियात ७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक बंधने पाळणारे आणि सैल बंधने पाळणारे या दोन्ही गटांची हालचाल आणि वेदना सारख्याच प्रमाणात सुधारल्या. अति जपल्याने खांदे आखडतात, ताकद जाते आणि भीती घर करते. म्हणून केस विंचरणे, सदऱ्याच्या बाह्या घालणे, भाजी निवडणे ही कामे स्वतः करावीत. मधुमेह, लठ्ठपणा, ठिसूळ हाडे किंवा दुसऱ्यांदा झालेली शस्त्रक्रिया असेल तर किती सैल सोडायचे हे शल्यविशारदांनाच विचारावे.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट संकोचामुळे राहून जाते. स्तनांच्या वजनाने जखमेच्या कडा ताणल्या जातात. पुढून बंद होणारी, आधार देणारी मऊ ब्रा दिवसरात्र घातली तर दुखणे कमी होते. घरात सून किंवा मुलगी नसेल तर स्वयंपाकाचा भार आपोआप रुग्ण बाईवरच येतो. तीन महिने भाकऱ्या कोण थापणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच ठरवलेले बरे.

कधी थांबू नये?

पहिल्या दिवसांत क्वचित छातीत हलकीशी टक्‌ जाणवू शकते. ती पुढच्या तपासणीत सांगावी. पण कूस बदलताना, खोकताना पुन्हा पुन्हा कटकट आवाज येत असेल, हाडाचे दोन भाग एकमेकांवर घासल्यासारखे वाटत असतील किंवा कमी झालेले दुखणे अचानक वाढले असेल तर तारा सैल झालेल्या असू शकतात. जखमेतून पाणी किंवा पू येणे, लाली पसरणे, थंडी वाजून ताप येणे ही संसर्गाची चिन्हे आहेत. हाडापर्यंत पोचलेला संसर्ग थोड्याच रुग्णांना होतो, पण झाला तर जिवावर बेतू शकतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. जखमेवर हळद, तेल, राख काहीही लावू नये. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साबण-पाण्याने हलकेच धुऊन कोरडी ठेवावी.

हाड न जुळण्याचे दोन मोठे शत्रू घरातच असतात. एक, आटोक्यात नसलेली साखर. दुसरा, तंबाखू. बिडी, सिगारेट आणि मळलेली तंबाखूच नव्हे तर दात घासायची मिश्रीसुद्धा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडाला मिळणारे रक्त कमी होते. जेवणात डाळ, दूध, अंडी, मटकी, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळायला हवीत. ऑपरेशन झाले म्हणून महिनाभर नुसती पेज आणि खिचडी देणे हे पथ्य नव्हे.

दुखणे हाडाचे की हृदयाचे, ही शंका प्रत्येकाला येते. हाडाचे दुखणे दाबल्यावर, वळल्यावर, खोकल्यावर वाढते आणि स्थिर बसले की कमी होते. छातीवर धोंडा ठेवल्यासारखा दाब, तो जबडा किंवा हाताकडे सरकणे, दम लागणे, दरदरून घाम येणे यांपैकी काही झाले तर अंदाज बांधत बसू नये, १०८ ला फोन करावा.

नीट सांभाळलेले हाड पुन्हा भक्कम होते. माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांची १९९० मध्ये बायपास झाली होती. २४ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, दिल्लीच्या एम्समध्ये त्यांची पुन्हा बायपास झाली. मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांनी त्या पथकाचे नेतृत्व केले. त्यानंतर सिंग यांनी २०१४ पर्यंत पंतप्रधानपद सांभाळले.

तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते आणि वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होते. या भागातल्या अनेक वारकरी रुग्णांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न असतो, "वारीला जाता येईल का?" चालण्याला हाडाची हरकत नसते. उलट चालणे हेच औषध आहे. आधी पाच-पाच मिनिटे दिवसातून चार वेळा, मग वाढवत सहा आठवड्यांपर्यंत रोज अर्धा तास. हरकत असते गर्दीतल्या रेट्याला आणि डोक्यावरच्या बोचक्याला. तीन महिने भरून शल्यविशारदांनी हिरवा कंदील दाखवला तर थोडी वाट चालता येईल. तोवर मोटर दुसऱ्या कुणी चालू करावी, धार शेजाऱ्याने काढावी. गावात सावडीने एकमेकांची शेते उरकतात. तीन महिन्यांची ही सावड शेजाऱ्याच्या हाडासाठी घातली तर तो पुढच्या हंगामात स्वतःच्या हातांनी ती फेडायला उभा राहील.