पक्के मोकळ्यावर, कच्चे कोठडीत

तुरुंग म्हटले की शिक्षा भोगणारे गुन्हेगार डोळ्यांपुढे येतात. पण जालन्याच्या जिल्हा कारागृहासारख्या ठिकाणी भरणा असतो तो कच्च्या कैद्यांचा, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे अशा आरोपींचा. लांब मुदतीची शिक्षा लागली की कैदी हर्सूलसारख्या मध्यवर्ती कारागृहात जातो. देशभर हेच चित्र आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतले तीन, कच्चे होते आणि शंभरांच्या जागेत १३१ जण राहत होते. कारागृह विभागाचे ब्रीद आहे ‘सुधारणा व पुनर्वसन’. पण दोषच सिद्ध न झालेल्या माणसाची सुधारणा कसली करणार?

सुधारणेचा मार्ग महाराष्ट्राला ठाऊक नाही असे नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभारली, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच. आज जालन्याच्या शेजारी पैठणला खुले कारागृह आहे. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले, पण वर्तणूक चांगली ठेवलेले कैदी तिथे शेती करतात, मजुरी मिळवतात, शिक्षेत सूट कमावतात. उंच भिंतीपेक्षा तिथे भिस्त आहे ती विश्वासावर. म्हणजे दोष शाबीत झालेला माणूस शेतात उघड्यावर राबतो आणि अजून कायद्याने निर्दोष असलेला माणूस बराकीत दिवस मोजतो. या उलट्या न्यायाचे मोठे कारण गुन्ह्याच्या स्वरूपापेक्षा आरोपीच्या ऐपतीत आहे. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार उभा राहत नाही. जामीनदाराकडे सातबारा किंवा ऐपतीचा दाखला मागितला, की अंबड-घनसावंगीकडच्या भूमिहीन ऊसतोड मजुराची वाट तिथेच अडते. जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराला तर या गावात जमीनवाला ओळखीचा असण्याची शक्यताच कमी.

यावर रास्त आक्षेप असा की, पैठणचा कैदी वर्षानुवर्षे पारखलेला असतो. कच्चा कैदी अनोळखी, तो पळाला किंवा त्याने साक्षीदाराला धमकावले तर फिर्यादीने कुणाकडे पाहायचे? ही भीती खोटी नाही, आणि जिथे असा धोका दिसतो तिथे जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. प्रश्न जामीन मिळूनही आत राहिलेल्यांचा आहे. त्यांना बाहेर सोडण्यात धोका नाही, असे न्यायाधीशांनीच ठरवलेले असते. सातबाऱ्यावरून जमीन कळते, माणसाची नियत कळत नाही. अनोळखी माणसाची पारख करायची तर त्याचे घर, काम आणि नातेवाईक यांची चौकशी करून न्यायालयाला अहवाल द्यावा. परिवीक्षा अधिकारी १९५८ च्या कायद्याखाली दोषी ठरलेल्यांसाठी नेमके हेच काम करतात.

कायद्याची हत्यारे आता हाताशी आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की तो सुटकेस पात्र ठरतो; इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्या गरीब कैद्यासाठी केंद्राच्या योजनेत मदतीची सोय आहे, आणि कोठडीतल्या प्रत्येकाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. म्हणून जालन्यात सुधारणेचे पहिले काम नव्या बराकी बांधण्याचे नाही. जामीन मंजूर होऊनही कोण आत आहे आणि कोणाची मुदत भरली आहे, याची यादी दर महिन्याला जिल्हा न्यायाधीशांच्या आढावा समितीपुढे ठेवून प्रत्येक नावावर निर्णय घेणे, हे ते काम आहे.