ज्याँ-बातिस्त : एक जोडनाव आणि त्याचे मराठी लेखन

फ्रेंच नावांचा एक प्रकार मराठीत येताना हमखास मोडतो. ज्याँ-जाक रूसो, ज्याँ-पॉल सार्त्र, ज्याँ-बातिस्त लामार्क ही नावे पाहा. यांतील पहिले दोन शब्द मिळून एकच व्यक्तिनाम होते. घरात हाक मारतानाही ते सबंध उच्चारले जाते आणि आजच्या फ्रेंच लेखनात त्या दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह असते. या प्रकाराला मी येथे 'जोडनाव' म्हणतो. ज्याँ-बातिस्त हे एकच जोडनाव घेऊन, ते धारण करणारी माणसे कोण होती आणि मराठीत त्यांचे नाव कसे लिहावे, याचा विचार या लेखात केला आहे. शिक्षक, भाषांतरकार आणि संदर्भसूची करणारे विद्यार्थी या तिघांनाही हा प्रश्न वारंवार पडतो.

अडचणीचे मूळ आपल्या नामपद्धतीत आहे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहितो. त्यामुळे 'जीन बाप्टिस्ट से' असे तीन सुटे शब्द दिसले, की मराठी वाचक मधला शब्द वडिलांच्या नावासारखा वाचतो. 'जे. बी. से' असे आद्याक्षरी रूप दिले, की गैरसमज पक्काच होतो. वास्तविक असे एकजीव नाव आपल्याला अपरिचित नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या नावातील 'राम' हे नाव आणि 'कृष्ण' हे वडिलांचे नाव, असे कोणी समजत नाही. हरिहर, लक्ष्मीनारायण, रामकृष्ण ही आपली जोडनावेच आहेत. फरक इतकाच, की आपण ती सलग लिहितो आणि फ्रेंच माणूस मध्ये आडवी रेघ देतो.

आता या नावाचा अर्थ. 'ज्याँ' म्हणजे योहान. ख्रिस्ती परंपरेत दोन योहान विशेष महत्त्वाचे आहेत : एक शुभवर्तमानकार योहान आणि दुसरा यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा देणारा योहान. मराठी बायबलात दुसऱ्याला 'बाप्तिस्मा करणारा योहान' म्हटले आहे. 'बातिस्त' म्हणजे तोच बाप्तिस्मा करणारा. म्हणजे या जोडनावातला दुसरा घटक मुळात विशेषण आहे. कोणता योहान, हे तो सांगतो. काही जोडनावांत दोन स्वतंत्र संतनामे एकत्र येतात, ज्याँ-पॉल म्हणजे योहान आणि पौल. ज्याँ-बातिस्तमध्ये मात्र एकाच संताचे नाव आणि त्याची ओळख आहे. असे नाव मध्ये तोडले, तर अर्थच तुटतो.

अशी नावे इतकी का रुजली, याचे व्यावहारिक कारणही आहे. संतांच्या नावांचा साठा मर्यादित आणि माणसे पुष्कळ, अशी स्थिती असली की एकाच गल्लीत, कधी एकाच घरात चार 'ज्याँ' होतात. नाटककार मोलिएर याचेच उदाहरण. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिसमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याचे नाव नुसते ज्याँ असे नोंदले गेले. पुढे धाकट्या भावाचेही नाव ज्याँ ठेवल्यावर थोरला ज्याँ-बातिस्त पोकलँ म्हणून ओळखला जाऊ लागला. मोलिएर हे त्याने रंगभूमीसाठी घेतलेले नाव. पुढे १८०३ मध्ये फ्रान्समध्ये कायदाच झाला, की मुलांना पंचांगातील किंवा प्राचीन इतिहासातील नावेच देता येतील. साठा असा बांधलेला असताना दोन नावे जोडून वेगळे नाव साधणे ही सोय ठरली.

सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या भोवती या नावाची किती मोठी माणसे होती, हे पाहण्यासारखे आहे. मोलिएर त्यांपैकी एक. आचार्य अत्रे यांचे 'कवडीचुंबक' त्याच्याच एका नाटकावर आधारलेले असल्याने तो आपल्या रंगभूमीलाही परका नाही. दुसरा संगीतकार ज्याँ-बातिस्त ल्युली. या दोघांनी मिळून दरबारासाठी नृत्य-संगीताने भरलेली प्रहसने रचली. १६७० मध्ये सादर झालेले नवश्रीमंत सरदारवेड्याचे प्रहसन त्यांतले सर्वांत गाजलेले. हा ल्युली मूळचा फ्लॉरेन्सचा. जन्मनाव जोव्हान्नी बात्तिस्ता लुल्ली. फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यावर त्याचे नावही फ्रेंच झाले. तिसरा ज्याँ-बातिस्त कोल्बेर, राजाचा अर्थमंत्री. १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली ती त्याच्या पुढाकाराने, आणि चार वर्षांत तिची वखार सुरतेत निघाली.

चौथा तर आपल्या प्रदेशातून हिंडून गेलेला. ज्याँ-बातिस्त ताव्हेर्निए (१६०५–१६८९) हा रत्नांचा व्यापारी पूर्वेकडे सहा वेळा आला. गोवळकोंड्याच्या राज्यातील हिऱ्यांच्या खाणी त्याने पाहिल्या, गोव्यालाही भेट दिली आणि १६७६ मध्ये आपल्या प्रवासांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दख्खनच्या इतिहासाचा अभ्यासक त्याला चुकवू शकत नाही. त्याने भारतातून नेलेला सुमारे ११२ कॅरटचा निळा हिरा लुईने १६६८ मध्ये विकत घेतला. आज 'होप' नावाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात असलेला ४५.५२ कॅरटचा हिरा त्यातूनच पैलू पाडत उतरला, असे मानले जाते. मोलिएर, ल्युली, कोल्बेर आणि ताव्हेर्निए हे चौघे एकाच राजाशी संबंधित आणि चौघेही ज्याँ-बातिस्त. मराठी ग्रंथाच्या सूचीत मात्र कुठे 'जीन', कुठे 'जाँ', कुठे 'जे. बी.' अशा रूपांमुळे हे साम्य वाचकाच्या लक्षात येत नाही.

पुढच्या काळातली दोन नावे आपल्या वर्गांत रोज घेतली जातात. उत्क्रांतीचा विचार मांडणारा ज्याँ-बातिस्त लामार्क (१७४४–१८२९) विज्ञानाच्या तासाला भेटतो. त्याचा प्राणिशास्त्राच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथ १८०९ चा. पुरवठाच आपली मागणी निर्माण करतो, या आशयाच्या नियमाशी ज्याचे नाव जोडले गेले तो ज्याँ-बातिस्त से (१७६७–१८३२) अर्थशास्त्राच्या तासाला भेटतो. या दोघांचे व्यक्तिनाम एकच आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या वहीत एक 'जीन बाप्टिस्ट' असतो आणि दुसरा 'जे. बी.'

येथे एक सावधगिरी हवी. जन्मनोंदीत ज्याँ-बातिस्त असलेला प्रत्येक माणूस त्याच नावाने ओळखला जात होता असे नाही. चित्रकार कोरोचे पूर्ण नाव ज्याँ-बातिस्त-कामीय कोरो; तो ओळखला जाई कामीय या नावाने. उष्णतेच्या वहनाचे गणित मांडणाऱ्या फुरिएच्या नावाची सुरुवातही ज्याँ-बातिस्तनेच होते, पण त्याचे वापरातले नाव जोसेफ. नेपोलियनचा सेनानी ज्याँ-बातिस्त बेर्नादोत १८१० मध्ये स्वीडनचा युवराज झाला, तेव्हा त्याने कार्ल योहान हे नाव धारण केले. 'ज्याँ' योहानच्या रूपाने राहिला आणि 'बातिस्त' गळाला. तेव्हा जोडनाव अखंड ठेवायचे हा नियम खरा, पण त्या व्यक्तीचे वापरातले नाव कोणते होते, हे आधी पाहायला हवे.

आता उच्चार. 'ज्याँ' यातील पहिला ध्वनी मराठीत नेमका नाही. तो ज आणि झ यांच्या शेजारचा, घर्षण असलेला आहे, आणि पुढचा स्वर नाकातून येतो. 'ज्याँ' हे लेखन मराठीत रूढ आहे आणि ते पुरेसे जवळचे आहे. इंग्रजी वाचनातून आलेले 'जीन' मात्र टाळावे, कारण इंग्रजीत ते बहुधा स्त्रीचे नाव असते. 'बातिस्त' या शब्दाच्या फ्रेंच लेखनात 'प' आहे, पण तो उच्चारला जात नाही. शेवटचा 'त' दंत्य आहे, 'ट' नव्हे. 'शिस्त' हा शब्द जसा म्हणतो तसा 'बातिस्त' म्हणावा आणि त्याच नियमाने 'ति' ऱ्हस्व लिहावी. 'बाप्टिस्ट' या रूपात दोन चुका एकदम होतात : मूक 'प' बोलका होतो आणि दंत्य 'त' मूर्धन्य होतो. ही दोन्ही वळणे इंग्रजीच्या वाटेने आली आहेत.

याच्या उलट एक उदाहरण ग्वाल्हेरच्या इतिहासात आहे. दौलतराव शिंद्यांच्या पदरी ज्याँ-बातिस्त फिलोज नावाचा सेनानी होता. वडील इटलीतील नेपल्सचे, नाव फ्रेंच, चाकरी मराठी दौलतीची. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने चंदेरी शिंद्यांसाठी जिंकली. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्याचे वास्तुकार मायकेल फिलोज याच घराण्यातले. त्या मुलखातल्या हिंदी लेखनात या सेनानीचे नाव 'जान बत्तीस' असे झालेले आढळते. ऐकायला गंमत वाटते, पण हे रूप नीट पाहावे. त्यात 'प' नाही आणि 'त' दंत्य आहे. ज्यांनी हे नाव लिहिलेले पाहिले नव्हते, फक्त ऐकले होते, त्यांनी ते छापील 'बाप्टिस्ट'पेक्षा अधिक बरोबर पकडले. हैदराबादेत निजामाचा फ्रेंच सेनानी रेमों याच्या नावावरून पडलेले 'मूसारामबाग' हे नावही असेच कानाने घडवलेले आहे. त्यातला 'मूसा' म्हणजे फ्रेंचमधला 'मसिय', आपला 'श्रीयुत'.

यावरून मला एक भेद करावासा वाटतो. परकी नावे आपल्याकडे दोन वाटांनी येतात : कानाने आणि डोळ्याने. कानाने आलेली नावे लोकांच्या तोंडी बसून आपली झालेली असतात. ती सुधारायला जाऊ नये. गोव्यात २४ जूनला कोपेल घालून विहिरींत उड्या घेत साजरा होणारा 'सांजांव' हा याच संत योहानाचा सण. कॅनडातील क्वेबेक प्रांतात त्याच दिवशी ज्याँ-बातिस्तच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते. पण म्हणून 'सांजांव'च्या जागी कोणी दुसरे शुद्ध रूप सुचवू नये. तसेच, धारकाने स्वतः वापरलेले रूपही प्रमाण. १९१६ मध्ये बेळगावला टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तिचे अध्यक्षपद स्वीकारणारे जोसेफ बॅप्टिस्टा हे महाराष्ट्राचे 'काका बॅप्टिस्टा'. त्यांचे आडनाव त्याच संतनामाचे पोर्तुगीज रूप आहे. तरी ते जसे रूढ आहे तसेच लिहिले पाहिजे.

डोळ्याने आलेली नावे वेगळी. ती इंग्रजी पुस्तकातून, इंग्रजी वर्णांच्या आधाराने, कोणी न ऐकता लिहिली गेलेली असतात. त्यांच्यामागे लोकांची जीभ नसते, केवळ एक मधला टप्पा असतो. तो वगळून मूळ भाषेकडे जाण्यात नुकसान कोणाचेच नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हे पटवून द्यावे लागू नये. शिंदे यांचे 'सिंधिया' कसे झाले, बडोद्याचे गायकवाड इंग्रजी कागदांत 'गायकवार' कसे झाले, हे आपण पाहिले आहे. शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर आपले आडनाव दुसऱ्या लिपीच्या कारकुनाने कसे लिहिले, याची आठवण आपल्यातल्या अनेक घरांत आहे. एका कागदावरचे नाव दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून खेटे घालणारे लोकही आपल्या परिचयाचे आहेत. आपल्या नावाबाबत जी काळजी दुसऱ्याने घ्यावी असे वाटते, ती दुसऱ्याच्या नावाबाबत आपण घ्यावी, एवढेच माझे म्हणणे.

व्यवहारात यासाठी फार काही करावे लागत नाही. लेखात प्रथम उल्लेख येईल तेथे जोडनाव संयोगचिन्हासह संपूर्ण लिहावे : ज्याँ-बातिस्त लामार्क. पुढे नुसते आडनाव चालेल. नुसते 'ज्याँ' किंवा नुसते 'बातिस्त' चालणार नाही. आद्याक्षरे द्यायचीच असतील तर फ्रेंच पद्धतीप्रमाणे त्यांच्यातही संयोगचिन्ह ठेवावे : 'ज्याँ-बा. से'. सूचीत नोंद आडनावाखाली करावी आणि स्वल्पविरामानंतर जोडनाव अखंड द्यावे : 'से, ज्याँ-बातिस्त'. जुन्या पुस्तकांतून 'जीन बाप्टिस्ट' शोधत येणाऱ्या वाचकासाठी त्या रूपाखाली 'पाहा : ज्याँ-बातिस्त' अशी एक ओळ ठेवली, की त्याचीही वाट चुकणार नाही.