डोंगरावरचा समुद्रकिनारा

स्वीडनच्या पूर्वेस, बोथनियाच्या आखातालगत ‘होगा कुस्तेन’ म्हणजे ‘उंच किनारा’ हा प्रदेश आहे. येथील स्कूलेबेर्येत डोंगरावर, आजच्या समुद्रपातळीपासून २८६ मीटर उंचीवर, प्राचीन किनारारेषा दिसते. रेषेच्या वर हिमनदीने आणलेली माती व झाडी. खाली लाटांनी धुतलेला उघडा खडक.

समुद्र इतका खाली कसा गेला? तापमापकामुळे आपल्या परिचयाच्या अँडर्स सेल्सिअस यांनाही हा प्रश्न पडला होता. १७३१ साली त्यांनी येव्ले शहराजवळच्या एका बेटावर खडकात पाणीपातळीची खूण करून ठेवली. आज ती पाण्याच्या बरीच वर आहे. समुद्राचे पाणी घटत आहे, असे त्यांना वाटे. पण सर्व समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत. पाणी घटले असते, तर ते सर्वच किनाऱ्यांवर उतरले असते. तसे झालेले नाही. म्हणजे येथे जमीनच वर येत आहे.

हिमयुगात या भागावर सुमारे ३ किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने भूकवच दबले आणि त्याखालचे प्रावरण बाजूला सरकले. बर्फ वितळताच ते परतू लागले. पण प्रावरण अतिशय चिकट असल्याने ही हालचाल अजून संपलेली नाही. सध्या जमीन वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर वर येते.

विद्यार्थ्यांना एक गणित घालावे. या वेगाने २८६ मीटर चढायला किती वर्षे लागतील? उत्तर येते ३५,७५०. पण येथला बर्फ सुमारे १०,५०० वर्षांपूर्वीच हटला. मग आरंभीच्या वेगाबद्दल काय म्हणता येईल?